तेच नाव, तोच पासवर्ड

३ फेब्रुवारी, सोमवार

पोचले! नोकरीचा पहिला दिवस आणि या वहीचं पहिलं पान. वही धाकटीची भेट. रोज लिहायचं आणि सुट्टीला घरी आलीस की मला वाचायला द्यायचं, असं तिने बजावलंय. मी म्हटलं, रोजनिशी कुणी वाचायला देतं का? तर म्हणते, मग लिहायची कशाला! तिच्याशी बोलून कोण जिंकणार.

जागा मला फार आवडली. हॉस्पिटलच्या जुन्या इमारतीचा शेवटचा मजला. लिफ्ट एक मजला आधीच थांबते, पुढचा जिना चढावा लागतो. दारावर लिहिलंय ‘आवाज विभाग’. घशाच्या ऑपरेशननंतर ज्यांना बोलता येणार नाही, ती माणसं ऑपरेशनच्या आधी इथे येऊन वाक्यं वाचतात आणि त्यांचा आवाज आम्ही साठवतो. पुढे त्यांना मोबाइलएवढं एक यंत्र मिळतं. त्यावर अक्षरं दाबली की ते त्यांच्याच आवाजात बोलतं. मात्र आवाज यंत्रात नसतो. तो इथल्या कॉम्प्युटरवरून तिथे जातो. म्हणजे इतक्या माणसांचं बोलणं या एका टेबलावर, आणि टेबल माझं!

खोलीत टेबल, खुर्ची, माइक, जुना तारेचा फोन. खिडकीतून समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या दिसतात. बाहेर पेशंटसाठी बाक आणि लिहून बोलायला पाट्या-खडू. एका भिंतीला रेकॉर्डिंगची आतली खोली आहे. तिला सगळे ‘डबा’ म्हणतात. भिंतींना आतून स्पंज, फ्रिजसारखं जाड दार, काच नाही. आतला आवाज बाहेर येत नाही. आत बसणाऱ्याला बाहेरचं ऐकू यावं म्हणून टेबलावरच्या माइकला साध्या तारेने हेडफोन जोडलेत. रेकॉर्डिंग चालू असताना कुणी दार उघडू नये म्हणून कुलूप कॉम्प्युटरवरून लागतं. सध्या तेच अडकलंय. आधीची मुलगी गेली तेव्हापासून डबा बंदच आहे, असं खालच्या मजल्यावरची नर्स म्हणाली. ती मुलगी एक दिवस यायचीच बंद झाली, फोनवरूनच राजीनामा दिला, आजकालच्या मुलींना टिकायला नको, असंही म्हणाली आणि मग माझ्याकडे बघून जीभ चावली. त्या मुलीचा आवाज मात्र फार गोड होता म्हणे.

दुपारी डब्याच्या दाराला पाठ टेकून जेवले. थंडगार वाटलं.

निघताना माइक तपासायला एक वाक्य रेकॉर्ड केलं: आई, मी पोचले, जेवले, काळजी करू नकोस. परत ऐकताना आपण एवढे बारीक आवाजाचे आहोत हे पहिल्यांदाच कळलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

कॉम्प्युटर म्हणजे बैल आहे, तोही बसलेला. एक फोल्डर उघडायला चहा पिऊन व्हावा. कुलपाचं बटण दाबलं तर पडदा पांढरा होऊन तसाच राहतो.

आज गवंडीकाका आणि काकू आले. काकांचं ऑपरेशन होऊन गेलंय. ते यंत्रावर बोटं मारतात आणि मग त्यांचा जाडाभरडा आवाज येतो, पण इतक्या उशिरा की तोवर काकूंनी उत्तर देऊन टाकलेलं असतं. आयुष्यभर मला बोलू दिलं नाही, आता बसा गप्प, असं काकू म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या. काकांनी सांगितलं की बांधकामावर त्यांना मुकादम म्हणून परत घ्यायला तयार आहेत, पण वरून हाक मारली तर ती लगेच ऐकू जायला हवी. वीट पडल्यावर ‘सरका’ म्हणून काय उपयोग.

मी शब्द दिला. हा कॉम्प्युटर मी नीट करीन.

ताईंचा फोन आला. माझी मुलाखत यांनीच घेतली होती, तीही फोनवरच. आवाजाचा प्रोग्राम आणि त्याचं लायसन्स ज्या कंपनीचं आहे, तिथे त्या असतात. बोलणं इतकं मायेचं की मोठी बहीण असती तर अशीच बोलली असती. त्या म्हणाल्या, सगळं पुसून सिस्टीम नव्याने टाक, म्हणजे डबाही उघडेल. मी विचारलं, हॉस्पिटलच्या साहेबांची परवानगी? तर हसून म्हणाल्या, पदवी घेतलीस ना, मग प्रत्येक गोष्ट विचारत बसणार का?

बाबांनी माझं पदवीचं सर्टिफिकेट खिडकीपेक्षा मोठ्या फ्रेममध्ये लावलंय. घरातली पहिली पदवी. खरंच, विचारत किती बसायचं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

झालं!

सगळ्या पेशंटना आधी कळवलं की आज काही तास यंत्रं बंद राहतील. आवाज दुसऱ्या डिस्कवर आहेत, तिला हात लावला नाही. पहिली डिस्क पुसली, सिस्टीम नव्याने टाकली. वापरणाऱ्याचं नाव विचारलं तेव्हा मी हुशारी केली. आधीच्या मुलीचं नाव आणि पासवर्ड पडद्याच्या कडेला चिठ्ठीवर चिकटवलेले होते. तेच नाव दिलं, तोच पासवर्ड दिला. तीच व्यक्ती आहे असं समजून कॉम्प्युटर सगळं आपसूक उघडेल. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर मी नेहमी असंच करायचे, धाकटीलाही हेच शिकवलंय.

एंटर दाबलं आणि डब्याचं कुलूप खट् करून उघडलं. एवढ्यानेच! मी टाळ्या वाजवल्या. हात धुऊन परत आले तर खोलीत एक बाई उभी. वाळलेली, कपडे चुरगळलेले, उजेड सोसत नसल्यासारखे डोळे बारीक केलेले. ओठ हलत होते, आवाज नाही. पेशंट, चुकून आत आलेली. तिने पाटी ओढून घेतली आणि लिहिलं, ‘निघून जा.’ यंत्रं बंद म्हणून आज बरेचजण चिडलेत, तिचाही राग मी समजू शकते. मी तिला नंबराची चिठ्ठी दिली आणि म्हटलं, मावशी, बसा बाहेर, नंबर आला की बोलावते. ती चिठ्ठीकडे बघत राहिली. मग बाकावर जाऊन बसली.

डब्यात दाराजवळचा स्पंज कुरतडल्यासारखा झालाय. उंदीर असणार.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आवाज उघडत नाहीत.

फोल्डर दिसतात. त्यांवर पेशंटची नावं दिसतात. उघडायला गेलं की पडद्यावर येतं: तुम्हाला परवानगी नाही. मालक कोण म्हणून बघितलं तर तिथे नाव नाही, नुसता लांबलचक आकडा आणि पुढे ‘अज्ञात खाते’.

हे आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. कॉम्प्युटर नावाने ओळखत नाही. प्रत्येक खात्याला तो आतून एक नंबर देतो आणि तोच त्याच्यासाठी खरा माणूस. नाव आपलं आपल्या सोयीला. तेच नाव पुन्हा दिलं तरी नंबर नवा पडतो, म्हणजे माणूस नवा. पेपरात लिहिलं होतं मी हे, मार्क मिळाले होते. आणि इथे, एवढ्या माणसांचे आवाज समोर असताना, विसरले.

प्रोग्रामही उघडत नाही. लायसन्स दुसऱ्या मालकाच्या नावावर आहे, म्हणतो.

बाकावर दाटी. सगळे पाट्यांवर लिहितायत आणि सगळे माझ्याकडे बघतायत. कुणी ओरडत नाही, तेच सहन होत नाही. गवंडीकाकांना उद्या कामावर जायचं होतं. काकूंनी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, होईल गं पोरी, भिंतसुद्धा एका दिवसात वाळत नाही. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

कालची बाईही होती. पाटीवर पुन्हा तेच, ‘निघून जा.’ मी पुन्हा चिठ्ठी दिली.

८ फेब्रुवारी, शनिवार

लायसन्सच्या नंबरवर फोन लावला. ताईच होत्या. मी रडतरडत चूक सांगितली. त्या जराही रागावल्या नाहीत. म्हणाल्या, आधीची मालक गेली, आता तू मालक हो. नाव बदलून भागत नाही, माणूस बदलावा लागतो. मालक बदला असं बटण आहे ते दाब, मग डब्यात बस आणि हेडफोनमध्ये सांगेन ती वाक्यं वाच. मालकाचा आवाज पटला की सगळं उघडेल.

बटण दाबलं. आकड्याच्या जागी माझ्या नव्या खात्याचा आकडा आला. डब्यात बसून वाचत गेले. वाक्यं साधीच होती. दार उघडंच आहे. मी बरी आहे. तू कधी येतेस? इथे तुझ्यासाठी जागा आहे. वाचून घसा कोरडा पडला.

बाहेर आले तर सगळी फोल्डरं उघडी!

काका बाकावरच होते. त्यांनी बोटं मारली आणि लगेच, त्याच क्षणी, त्यांचा आवाज काकूंना म्हणाला की आता माझी पाळी, तू गप्प बस. काकू हसता हसता रडायला लागल्या. मीही. नर्सने वर येऊन विचारलं की इथे लग्न लागलंय की काय.

याच्यासाठीच शिकले मी.

११ फेब्रुवारी, मंगळवार

घसा बसलाय. वाक्याचे शेवटचे शब्द उमटत नाहीत. गरम पाणी पिते आहे. नर्स म्हणाली, इथली हवा तुला लागली.

बाकी सगळं उत्तम. काका कामावर रुजू झाले. पाट्या आता लागत नाहीत, एक ठेवून बाकीच्या नर्सने खाली नेल्या.

घरी फोन केला तर आई म्हणाली, अगं, सकाळीच तर पोटभर बोललीस, आता आणखी काय? सकाळी मी फोन केला नव्हता. तिला म्हटलं तसं, तर म्हणाली, झोप काढ जरा, तुझा आवाजही कसा ओळखू येईना झालाय. सकाळी छान होता.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आवाज गेला. पूर्ण. ओठ हलतात, हवा येते. डॉक्टरांनी आत दुर्बीण घालून बघितलं, घशात काही नाही म्हणाले. चार दिवस गप्प राहा.

पाटी घेऊन बसले. काम थांबवायचं नाही म्हणून जुन्या फायली लावायला घेतल्या. तळाशी एक फाइल होती, तिच्यावर मालक म्हणून अजून तो जुना आकडा, पण उघडायची परवानगी आता मला होती. उघडली. आधीच्या मुलीने पहिल्या दिवशी माइक तपासायला रेकॉर्ड केलेलं असणार: आई, मी आले इथे, जागा छान आहे.

आवाज ताईंचा होता. मुलाखत घेणाऱ्या, लायसन्सवाल्या ताईंचा.

पुन्हा लावली. बाकावरची ती बाई दारात येऊन उभी राहिली. हात गळ्यावर. फाइलमधला प्रत्येक शब्द तिच्या ओठांवर बरोबर त्याच वेळी उमटत होता.

मी पाटी तिच्या हातात दिली. तिने लिहिलं, पुसलं, लिहिलं. तो आवाज तिचा आहे. ती राजीनामा देऊन गेली नव्हती, डब्यात होती. किती दिवस, ते तिला सांगता येत नाही. मी तिचं नाव देऊन बसले तेव्हा दार उघडलं. नव्या माणसाने जागा घेतली की जुनं सुटतं.

मी खुणेने विचारलं, मग वाक्यं वाचली नसती तर?

तिने मान हलवली. लिहिलं, ‘नाव दिलंस तेव्हाच झालं. बाकी सगळं नंतरचं.’

मी त्या दाराला टेकून जेवले होते. ती आत होती.

१५ फेब्रुवारी, शनिवार

लायसन्सच्या नंबरवर फोन लावला. बोलता येत नाही, तरी लावला.

पलीकडून ‘हॅलो’ आलं.

माझं.

बारीक, जरा हसरं. माझंच. मग विचारलं, कोण बोलतंय? बोला ना. मी बरी आहे.

ठेवला.

नर्सला सगळं लिहून दाखवलं. तिने वाचलं, माझ्या कपाळाला हात लावला आणि डॉक्टरांची चिठ्ठी दिली. बस बाई, नंबर आला की बोलावतील, असं म्हणाली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

धाकटीचा मेसेज. ताई, बॅग भरली. तू सांगितलंस तसं आईला पटवलं. माझ्यासाठी जागा ठेवल्याबद्दल तुला काय देऊ?

मी लिहिलं, येऊ नकोस. मी काही सांगितलेलं नाही. येऊ नकोस.

उत्तर आलं, आत्ताच फोनवर एवढी लाडात बोलत होतीस, आता ही काय चेष्टा? फसणार नाही हं.

मग आईला. बाबांना. आईला मेसेज वाचता येत नाहीत. बाबांनी लिहिलं, फोनच करतो. माझ्या हातातला वाजला नाही. टेबलावरचाही नाही. तरी पाच मिनिटांनी त्यांचा मेसेज आला: बोलून बरं वाटलं, बेटा.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

ती उद्या दुपारी पोचेल.

खाली फाटकाशी उभी राहीन, तिला हाताला धरून परत नेईन. आधी तेच ठरवलं. पण मग? तो आवाज दुसरीला बोलवेल. कुणाच्या तरी घरातली पहिली शिकलेली, कुठेही पाठवलं तरी हसत जाणारी.

प्रोग्राममध्ये एक ओळ सापडली. लायसन्स परत करायचं असल्यास मालकाने आत बसून वाचावे. परत केलं तर सगळे आवाज बंद होतील. काकांचाही.

काका कामावरून येताना भेटले. सगळं लिहून दाखवलं. विश्वास बसला की नाही, कळलं नाही. यंत्र पुढ्यात घेतलं. मग बोटं मारली. त्यांच्या जाड्या आवाजात ते मला म्हणाले की माझं बोलणं आयुष्यभर बोलून झालंय, पोरी, तुझं आत्ता कुठे सुरू होतंय. कर बंद.

१९ फेब्रुवारी, बुधवार

सकाळ. धाकटी यायला वेळ आहे. आधी हे उरकते.

डब्याच्या दारात लोखंडी स्टूल आडवं ठेवलंय. दार लागणार नाही. बाकावरची बाई माझं मनगट सोडत नाही. नको नको म्हणून मान हलवते आहे. पाटीवर लिहून सांगितलं, स्टूल आहे. धाकटी येते आहे. जायलाच हवं.

पाटी, वही बरोबर घेते. मोबाइल बाहेर, आत नेला की रेकॉर्डिंगमध्ये खरखर येते.

आत

वाचायचं म्हणजे आवाज लागतो.

माझा नाही. बाहेर आहे माझा.

हे माझ्या लक्षात कसं — 

स्टूल सरकलं. कुणी ढकललं नाही, दारानेच बाजूला सारलं, सावकाश. बाई पलीकडून ओढत होती. बोटं दिसत होती तिची. मग नाही.

आत

ओरडते. ओठ हलतात. लाथा मारल्या, भिंत गिळून टाकते. दाराजवळचा स्पंज ओरबाडला. आधीच्या नखांचे ओरखडे आहेत. माझी बोटं त्यांतच बसतात.

उंदीर म्हटलं होतं मी.

हेडफोन घातले. बाहेरचं ऐकू येतंय. पंखा. खुर्ची. फोनची रिंग.

जिन्यावर पावलं, धावत. तीच. जिना कधी चालत चढली नाही.

ताई म्हणून हाक मारतेय.

फोन घेतला तिने. दुसऱ्या बाजूचं नीट ऐकू येत नाही. तिचं येतंय. काय गं ताई, मी आले आणि तू बाहेर? मोबाइलपण इथेच टाकून गेलीस, वेंधळी. बरं बरं, बसते. हो, जेवले.

बाई आत आली असावी. धाकटी तिला विचारतेय की काय हवंय. पाटी माझ्याजवळ आहे. बाई दाराकडे दाखवत असेल, नक्की दाखवत असेल, कारण धाकटी म्हणतेय, आत जायचंय का मावशी तुम्हाला? अडकलंय हो ते दार. ताई म्हणाली, कॉम्प्युटर नव्याने लावला की उघडेल. मला येतं, ताईनेच शिकवलंय.

नको

बाळा नको

मावशी, बसा बाहेर, नंबर आला की बोलावते — असं म्हणाली. अगदी माझ्यासारखं. बाहेरचं दार लावून घेतलं.

कॉम्प्युटर बंद पाडता येईल अशी एखादी तार आत येते का, शोधलं. हेडफोनची तेवढी आत आहे. ती तोडली तर काहीच कळणार नाही. तोडत नाही. भित्री आहे मी.

ती गुणगुणतेय. कीबोर्डच्या की दाबण्याचा आवाज. पुसतेय. सगळं पुसतेय.

थांबली.

माइकजवळ तोंड आणलं. कानात, अगदी कानात. आई, मी पोचले, ताई बाहेर गेलीय, काळजी करू नकोस.

हसली. आपला आवाज किती पोरकट आहे म्हणाली.

दार उघडू नये. मी इथे राहीन. कितीही दिवस. दार उघडू नये. देवा उघडू नये —

फोनवर विचारतेय. नाव कोणतं देऊ? तुझंच? चिठ्ठीवरचं?

तेच नाव. तोच पासवर्ड. ठाऊक आहे गं ताई, म्हणाली.

की. की. की.

दोन्ही हातांनी दार आतून धरलंय, वही गुडघ्यावर, सोडणार नाही, मी सोडणार ना —

खट्